क्लेअर मॅकार्डेलचा ‘पॉपओव्हर’ घरी कसा शिवावा: पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी

“ताई, मागे चेन नाही, तर हा घालायचा कुठून?” मास्टरांनी माझ्या फोनवरचा फोटो जवळ घेऊन, लांब धरून पाहिला.

“समोरून. गुंडाळायचा आणि बांधायचा.”

“म्हणजे झबलं!”

तेव्हा मला राग आला होता. आठवड्याने ड्रेस मिळाला तो पाठीला लांबलचक चेन लावूनच. मग मशीनवरची धूळ झटकली आणि स्वतःच शिवायला बसले. पहिला ड्रेस धुण्यात आटला, दुसऱ्याचा गळा बाहेर लोंबायला लागला, तिसरा मात्र जमला. आता वाटतं, मास्टर बरोबरच बोलले होते. झबल्यात बाळाला घालताना जी सोय असते, तीच या ड्रेसमध्ये बाईसाठी आहे.

हा ‘पॉपओव्हर’ ड्रेस क्लेअर मॅकार्डेल या अमेरिकन डिझायनरचा. १९४२ साल, अमेरिका युद्धात उतरलेली. घरकामाची माणसं कारखान्यांत गेली आणि पाहुणे यायच्या आधी स्वयंपाक स्वतः करायची पाळी अनेक बायकांवर आली. ‘हार्पर्स बझार’ मासिकाला अशा बाईसाठी कपडा हवा होता: कामाचा, पण दार उघडताना लाज वाटणार नाही असा. मॅकार्डेलने डेनिमचा, समोरून गुंडाळून बांधायचा, मोठ्या खिशाचा ड्रेस दिला, आणि सोबत ओव्हनचा हातमोजाही. किंमत ६ डॉलर ९५ सेंट. पहिल्याच हंगामात पाऊण लाखाच्या घरात खपला. पुढे कित्येक वर्षं ती वेगवेगळ्या कापडांत हाच प्रकार काढत राहिली.

आपल्याकडे या जागी गाऊन आला. बेल वाजली की त्यावर ओढणी घेऊन दार उघडायचं. मला ती ओढणी नको होती, म्हणून हा खटाटोप.

१. आधी ठरवा, नक्की कुठला ड्रेस हवा आहे

‘पन्नाशीच्या दशकाचा ड्रेस’ असं शोधलं की समोर येते आवळलेली कंबर, खाली फुगलेला घेर आणि घेराखाली जाळीचा परकर. ती वाट वेगळी. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओरने जी धाटणी आणली, तिचा तो पसारा. दिसायला देखणा, पण तो घालून बसची पायरी चढून दाखवा.

मॅकार्डेलची वाट त्याच्या आधीची आणि उलटी. १९३८ सालचा तिचा ‘मोनॅस्टिक’ ड्रेस खांद्यापासून सरळ खाली पडणारा, कंबरेला शिवणच नसलेला. पट्टा बांधला की आकार यायचा. शिकायला पॅरिसला असताना ती मादलेन व्हिओने या फ्रेंच डिझायनरचे कपडे विकत घेऊन उसवून बघायची, उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, कापाची जाण तिथली. बाकीचं तिने कामगारांच्या कपड्यांतून उचललं: डेनिम, गाद्यांचं पट्ट्यांचं कापड, जाड दुहेरी टीप, पितळी हुक. चेन असलीच तर बगलेला, कारण पाठीची चेन लावायला दुसरं माणूस लागतं.

त्यामुळे तुम्हाला लग्नाच्या फोटोसाठी काही हवं असेल तर हा लेख कामाचा नाही. ऑफिस, बाजार, स्वयंपाकघर, मुलाची शाळा हे सगळं एकाच ड्रेसमध्ये उरकायचं असेल तर पुढे वाचा.

२. सामान

- सुती कापड, ४४ इंच पन्हा असेल तर साडेतीन मीटर. ५८ पन्हा असेल तर पावणेतीन (हा हिशोब ३६ छाती आणि गुडघ्याखाली येणाऱ्या उंचीचा)
- चाचणीसाठी मांजरपाट, साधारण तेवढंच
- अर्धा इंच रुंदीची सुती टेप, सव्वादोन मीटर
- ब्राऊन पेपर, मापाची टेप, फूटपट्टी, खडू, टाचण्या
- मशीनच्या सुया: साध्या सुती कापडाला १४ नंबर, डेनिमला १६
- कापडाच्या रंगाचा दोरा, आणि वरच्या टिपेसाठी हवा तर वेगळ्या रंगाचा
- एक मोठा हुक आणि त्याचा आकडा
- तुम्हाला नीट बसणारा एक सुती कुर्ता

कुर्ता ताणणाऱ्या कापडाचा नको. त्यावरून माप काढलंत तर ड्रेस अंगात शिरणारच नाही.

आणि इस्त्री. शिवणाच्या मशीनपेक्षा इस्त्री जास्त वेळ चालू राहील, हे मी आधीच सांगून ठेवते.

३. कापड घ्या, आणि घरी आल्याबरोबर भिजवा

पहिल्या ड्रेसला कापड हलकं डेनिम घ्या किंवा चेम्ब्रे, म्हणजे शर्टाचं ते निळसर-पांढरट विणीचं कापड. मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये, पुण्यात रविवार पेठेत सहज मिळतं. दुकानात एक कोपरा मुठीत दहा सेकंद आवळून सोडा. घडी कागदासारखी उभी राहिली तर कापड खळीचं आहे, धुतल्यावर वेगळंच निघेल. जॉर्जेट, क्रेप, सॅटीन पहिल्या वेळी नकोच. कात्रीखाली सरकतात, आणि गुंडाळलेला भाग तर मांडीवरून घसरत राहतो.

जीन्सचं जाड डेनिमही नको. कंबरेच्या शिवणीत चार-पाच थर एकत्र येतात, घरगुती मशीन तिथे रडतं.

घरी आणलं की रात्रभर पाण्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं धुवा, वाळवा, किंचित ओलं असताना इस्त्री करा. माझा पहिला ड्रेस मी कापड न भिजवता शिवला होता. अंगावर छान बसला, आरशासमोर दहा फोटो काढले. पहिल्या धुण्यानंतर कंबरेची शिवण बरगड्यांवर चढली. तो ड्रेस आता भाचीकडे आहे.

४. मापं

स्वतःची मापं स्वतः घेऊ नका, पाठ वाकते. कुणाला तरी मदतीला घ्या. कंबरेला एक दोरी बांधा आणि दोन वेळा वाका. ती जिथे जाऊन बसेल ती तुमची कंबर. सगळी मापं त्या दोरीपासून.

लागतात ती अशी: छाती, कंबर, सीट, मानेच्या हाडापासून पाठीवरून दोरीपर्यंत, खांद्यापासून छातीवरून दोरीपर्यंत, दोरीपासून खाली हवी ती उंची, आणि दंडाचा घेर. यातलं खांद्यापासून छातीवरून दोरीपर्यंतचं माप बहुतेक जणी विसरतात. छाती भरलेली असेल तर पाठीच्या आणि पुढच्या मापात दीड-दोन इंचांचा फरक पडतो. तो धरला नाही तर ड्रेस पुढून वर उचलला जातो.

५. कागदावर आखणी

जुने अमेरिकन पॅटर्न ऑनलाइन मिळतात. मॅकार्डेलच्या काही डिझाइनचेही त्या काळी घरी शिवणाऱ्यांसाठी पॅटर्न निघाले होते. घ्यायचा मोह होतो, पण एक ध्यानात ठेवा: १९५६ च्या आधीच्या पॅटर्नवर १४ नंबर म्हणजे ३२ छाती, १६ म्हणजे ३४, १८ म्हणजे ३६. आजच्या कपड्यांच्या नंबराशी त्याचा संबंध नाही. पाकिटावर छातीचं माप इंचांत दिलेलं असतं, तेच पाहा. शिवाय बऱ्याच जुन्या पॅटर्नवर रेघा छापलेल्या नसतात, नुसती भोकं पाडलेली असतात. नवशिक्याला त्या भोकांचा अर्थ लागेपर्यंत ड्रेस शिवून होतो. म्हणून आपण कुर्त्यावरून आखणी करू. अस्सल ड्रेसची ही हुबेहूब नक्कल नाही, तीच कल्पना आपल्या मशीनला झेपेल अशी केली आहे.

*पाठ.* कुर्ता मधोमध दुमडून ब्राऊन पेपरवर ठेवा. गळा, खांदा आणि कंबरेपर्यंतची बाजू आखा. बाही वेगळी कापायची नाही. खांद्याची रेघ तशीच उतरत पाच इंच पुढे न्या आणि तिथून काखेखाली मोठी गोलाई देऊन बाजूला मिळवा. शिवणक्लासमध्ये हिला मग्यार बाही म्हणतात. मुंढा जोडायची कटकट वाचते. काखेखाली गोलाई छातीच्या रेषेपासून दोन इंच खाली उतरू द्या, म्हणजे हात वर जातो. आणखी मोकळं हवं असेल तर झब्ब्याला काखेत असतो तसा चौकोनी तुकडा घालता येतो, पण तो दुसऱ्या ड्रेसला.

*पुढचा भाग.* पाठीसारखाच आखा, फक्त खांद्यापासून छातीवरूनचं माप धरून लांबी घ्या. आता गुंडाळीची जागा: कंबरेच्या रेषेवर मधल्या रेघेपासून पाच इंच पुढे खूण करा. खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून त्या खुणेपर्यंत तिरकी रेघ ओढा, छातीपाशी अगदी किंचित आत घेऊन. हाच तुमचा गळा. कंबरेला टक्स न घेता मी चुण्या घेते. टक्स चुकला की तो नको तिथे टोक काढून दाखवतो, चुण्या चुकल्या तरी चुण्याच दिसतात.

*खालचा घेर.* उदाहरणादाखल कंबर ३०, सीट ३८ धरू. कंबरेचा चौथा भाग साडेसात, अर्धा इंच सैल, म्हणजे आठ. पुढच्या भागाला गुंडाळीचे पाच मिळवून तेरा. सीटला साडेनऊ अधिक एक अधिक पाच, म्हणजे साडेपंधरा. खाली अठरा. पाठीला कंबरेपाशी आठ, खाली तेरा, आणि ती दुमडीवर.

बाजूच्या शिवणींना एक इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, ठेवा, बाकी सगळीकडे अर्धा इंच. पुढच्या उभ्या कडेला दुमडायला एक इंच. हे धरून पुढचा तुकडा वीस इंच रुंद होतो आणि ४४ पन्ह्याचं कापड दुमडलं की बावीस मिळतात. म्हणजे गुंडाळीला पाचाचे सहा करता येतील, सात नाही.

*बांधायच्या पट्ट्या.* दोन, आणि त्यांची लांबी सारखी नसते. आतली, म्हणजे पुढच्या डाव्या भागाच्या कडेला कंबरेपाशी जोडायची, ४५ इंच; बाहेरची, उजव्या भागाच्या कडेची, २५. आतली पट्टी उजव्या बाजूच्या शिवणीतल्या फटीतून बाहेर येते, पाठीमागून डावीकडे जाते आणि तिथे बाहेरच्या पट्टीला भेटते. मी पहिल्यांदा दोन्ही सारख्या कापल्या. एक गाठीपर्यंत पोचेना, दुसरी गुडघ्यावर लोंबत होती. रुंदी तीन इंच कापा, इथे पाव इंचच माया घेऊन शिवली की सव्वा इंच होईल.

६. मांजरपाटाचा ड्रेस आधी

ही पायरी सगळ्यांनाच गाळावीशी वाटते. गाळू नका. मांजरपाट स्वस्त आहे, तुमचं डेनिम नाही. मशीनची टीप सर्वांत मोठी करून कच्ची शिलाई मारा, घाला, आणि आरशापासून लांब जा. मग हे करा:

फळीवरचा डबा काढा. काखेत ओढलं तर गोलाई आणखी खाली न्या.

जमिनीवर मांडी घालून बसा. मांडी उघडी पडली तर गुंडाळी एक इंचाने वाढवा.

खाली पडलेली पेन्सिल उचला. गळा उघडला तर खांद्यापाशी तिरकी रेघ मानेच्या जवळ घ्या, किंवा छातीपाशी हुक लावायचं ठरवून ठेवा.

जिना चढा. दोन पायऱ्या एकदम.

मला विचाराल तर या ड्रेसची खरी आखणी इथे होते. मॅकार्डेलला ओव्हनसमोर वाकणारी बाई डोळ्यांसमोर ठेवायची होती. आपल्याला ओट्यासमोर उभी राहणारी, मधेच पाटावर बसणारी ठेवायची आहे. मी दुसऱ्या ड्रेसच्या वेळी फक्त उभी राहून आरशात पाहिलं आणि तो ड्रेस उभं राहण्यापुरताच झाला.

खडूने मांजरपाटावर खुणा करा, उसवा, आणि तेच तुकडे पुढे पॅटर्न म्हणून वापरा.

७. बेतणं आणि शिवणं

कापड बेतताना उभा धागा कंबरेपासून खाली सरळ हवा. वाकडा गेला तर एक बाजू लोंबते, आणि गुंडाळलेल्या ड्रेसमध्ये ते लगेच दिसतं, कारण दोन कडा एकावर एक येतात.

कापल्यावर तुकडे उचलायच्या आधीच गळ्याच्या तिरक्या कडेचा बंदोबस्त करा. ही कड उरेब असल्यामुळे हाताळताना ताणली जाते. कागदावरच्या रेघेची लांबी मोजा. समजा १९ इंच आली, तर सुती टेप साडेअठरा कापा आणि ती कडेच्या उलट्या बाजूला, कापड किंचित सामावून घेत, टिपून टाका. दोन्ही बाजूंना. माझ्या दुसऱ्या ड्रेसचा गळा लोंबला तो हे न केल्यामुळे. नुसती टीप मारलेली होती, टेप नव्हती. महिन्याभरात कड लाटेसारखी झाली. हे अर्ध्या इंचाचं काम दहा मिनिटांत होतं आणि नंतर कुठल्याच उपायाने दुरुस्त होत नाही.

मग क्रम असा:

पुढच्या उजव्या भागावर, तुकडा सपाट असतानाच, खिसा लावून घ्या. खिशाबद्दल खाली.

खांदे जोडा. गळ्याची कड, पाठीसकट, उरेब पट्टीने आत बंद करा.

बाजूच्या शिवणी मारा. उजव्या बाजूला कंबरेच्या लगेच वर दीड इंचाची फट सोडा, तिच्या दोन्ही टोकांना टीप मागे-पुढे करून पक्की करा. बायकांच्या कपड्यात उजवी बाजू डावीवर येते, म्हणून फट उजवीकडे. मी एकदा डावीकडे ठेवली आणि मग उलटं गुंडाळून चालवलं, तर आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

खालच्या घेराच्या बाजू जोडा. वरच्या भागाला चुण्या घेऊन कंबर जोडा. चुण्या छातीखालीच येऊ द्या, काखेकडे नको. कंबरेच्या शिवणीतही टेप घाला, सगळं वजन तिथे असतं.

आता दुहेरी टीप. कंबर, खांदे, खिसा आणि पुढची कड यांवर शिवणीपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) आणि तिथून पाव इंच, अशा दोन समांतर टिपा, तीन मिलिमीटर लांबीच्या टाक्याच्या. जीन्सवर असते ती हीच. हिने शिवण मजबूत होते आणि साध्या कापडाला रूपही येतं, लेस-बटणांची गरज राहत नाही. रेघ सरळ येत नसेल तर मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरून सरकवा. पहिल्यांदा कापडाच्याच रंगाचा दोरा घ्या. नारिंगी दोऱ्यात प्रत्येक हिसका दिसतो.

८. खिसा

एकच, मोठा, उजव्या हाताला. सात इंच रुंद, आठ इंच खोल, वरच्या तोंडाला दीड इंच दुमड. जागा फूटपट्टीने ठरवू नका. मांजरपाटाचा ड्रेस घालून हात सहज खाली सोडा, मग कोपर थोडं वाकवा. बोटं जिथे टेकतील तिथे खिशाचं तोंड, तेही किंचित तिरकं. वरच्या दोन कोपऱ्यांवर छोटे त्रिकोण टिपा, नाहीतर फोन ठेवून ठेवून तिथेच फाटतं.

दोन खिसे का नाहीत? डावा खिसा गुंडाळीच्या कडेखाली येतो आणि चालताना कडेला ओढतो. मी करून पाहिलंय.

९. शेवटचं

खालची कड लगेच दुमडू नका. ड्रेस रात्रभर हँगरवर, पट्ट्या बांधून, टांगून ठेवा. घेराचे तिरके भाग खाली उतरतात. सकाळी तो घालून, जमिनीपासून फूटपट्टी उभी धरून, कुणाकडून तरी चौफेर खुणा करून घ्या.

दुमड दोन इंचांची पुरे. १९४२ साली अमेरिकेत कापड वाचवण्यासाठी एल-८५ नावाचा सरकारी हुकूम निघाला होता, त्यात घेराबरोबर खालच्या दुमडीवरही मर्यादा होती, ती एवढीच. हातशिलाई करायची असेल तर करा, पण या ड्रेसला मशीनची टीपच शोभते.

आतल्या कडेला, कंबरेपाशी, हुक लावा आणि त्याचा आकडा उजव्या भागाच्या कंबरेच्या शिवणीवर आतून, ती कड जिथे येते तिथे. गाठ सुटली तरी आतलं पान जागेवर राहतं. बाहेरच्या गाठीची बो बांधू नका. एकदा साधी गाठ मारून टोकं खाली सोडा.

पायात काय घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. युद्धात चामड्याच्या बुटांवर रेशनिंग आलं तेव्हा मॅकार्डेलने कपेझिओ या नाचाचे बूट करणाऱ्या कंपनीकडून सपाट बॅले चपला आपल्या कपड्यांबरोबर घालायला करून घेतल्या. माझ्या पायात कोल्हापुरी असते.

तिसरा ड्रेस घालून मी परत त्याच मास्टरांकडे गेले, परकराला नाडी घालून घ्यायला. त्यांनी गाठीकडे पाहिलं, बाजूच्या फटीत बोट घालून पट्टी पुढे-मागे ओढून बघितली. म्हणाले, “फटीला आतून एक पट्टी द्या ताई, सहा महिन्यांत उसवेल.” दिली आहे. तुम्हीही द्या.